अनुभवाचा दाखला

माझी धाकटी बहीण बाळंत झाली तेव्हा आम्ही तिला पश्चिम उपनगरातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात ठेवलं होतं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. डॉक्टर चांगले, नर्सेस चांगल्या, तक्रार करावी असं काही नव्हतं. प्रश्न होता तो फक्त तिच्या अंगावरच्या गाऊनचा. ऑपरेशनच्या पेशंटला घालतात तसा, पाठीवर गाठी असलेला गाऊन. बाळ रडायला लागलं की मी तिच्या पाठीमागच्या गाठी सोडायचे, मग ती अख्खा गाऊन पुढून खाली ओढायची. समोरच्या खाटेवर कुणाचा नवरा आलेला, बाजूला कुणाचे सासरे. बहीण माझी ओढणी दातात धरून पोरीला पाजायची.

दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "ताई, मला घरी ने ना. टाक्यांचं काही नाही गं, ते दुखतातच. मला हा गाऊन नको झालाय."

मी शिवणकाम करणारी बाई. घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगराखाली माझा गाळा आहे, सहा मशिनी आणि एक कटिंग टेबल. आधी आम्ही शाळांचे गणवेश शिवायचो. मग शाळांनी आपापली दुकानं ठरवून दिली आणि आमच्याकडे केटरिंगवाल्यांचे एप्रन, सोसायट्यांच्या वॉचमनचे शर्ट असलं किडूकमिडूक उरलं. त्या संध्याकाळी मी गाळ्यावर जाऊन उरलेल्या सुती कापडातून एक गाऊन कापला. पाठ पूर्ण बंद. दोन्ही खांदे उघडे, आणि प्रत्येक खांद्यावर नाड्यांची एक गाठ. ज्या बाजूने पाजायचं त्या बाजूची गाठ सोडायची, बाकी अंग झाकलेलं.

सकाळी बहिणीने तो घातला आणि तासाभरात वॉर्डच्या सिस्टर इन्चार्ज खाटेपाशी येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, करड्या आवाजाच्या, सगळा वॉर्ड त्यांना टरकून असायचा.

"हा हॉस्पिटलचा गाऊन नाही. कुणी दिला?"

"मी शिवलाय, सिस्टर," मी म्हटलं. "लगेच बदलते."

त्यांनी खांद्यावरची गाठ दोन बोटांनी चाचपली. सोडली. परत बांधली. मग म्हणाल्या, "बदलू नका. आणि असे अजून बारा शिवून आणाल का मला? ट्रायलसाठी. पैसे मिळायचे नाहीत हां."

मी बारा शिवले. खरं सांगते, इतक्या वर्षांत माझ्या हातच्या कुठल्याही कपड्याला कुणी अशी दाद दिली नव्हती.

पुढचे सात-आठ महिने मी त्या रुग्णालयात इतक्या वेळा गेले की गेटवरचा वॉचमन मला स्टाफ समजायला लागला. मेट्रो धरायची, उतरून रिक्षा करायची, वॉर्डात सिस्टरांना भेटायचं, काय फाटलं, काय उसवलं ते बघायचं. नाड्या उसवत होत्या. का ते कुणाला सांगता येईना, म्हणून मी एक दिवस खाली लॉन्ड्रीत गेले. तिथे एक वयस्कर गृहस्थ होते, तीस वर्षं त्याच कामावर. त्यांनी मला मशीनमधून निघालेला ओल्या गाऊनचा एक गोळा दाखवला. लांब नाड्या एकमेकींत अडकून त्यांच्या अशा गाठी बसल्या होत्या की कामगार सरळ हिसका मारून सोडवायचे.

"पेशंट कपडा फाडत नाही बाई," ते म्हणाले. "कपडा इथे मरतो."

मी नाडी नऊ इंचाची केली. त्याहून लांब झाली तर मशीनमध्ये गुंतते, त्याहून आखूड झाली तर दमलेल्या बाईला एका हाताने बांधता येत नाही. नाडीच्या मुळाशी चौकोनी शिवण आणि त्यात फुली, बॅगेच्या पट्ट्याला मारतात तशी. त्यानंतर एकही नाडी तुटून आली नाही. सिस्टर म्हणाल्या, "आता हे वर न्या."

वर म्हणजे खरेदी विभाग. तिथले साहेब सभ्य होते, हे मला मुद्दाम सांगायला हवं. त्यांनी मला कधी ताटकळत ठेवलं नाही, कधी काही मागितलं नाही. माझा गाऊन टेबलावर पसरून त्यांनी नीट बघितला.

"मॅडम, चांगलाय. माझ्या सुनेला असा मिळाला असता तर बरं झालं असतं. पण मी चांगलं-वाईट विकत घेत नाही. मी कागदावर लिहिलेलं विकत घेतो, आणि त्यातलं सगळ्यात स्वस्त."

"मग कागदावर काय लिहायचं ते कोण ठरवतं?"

"वॉर्डाकडून मागणी आली, कमिटीने मान्य केलं, की मी लिहितो."

घरी येताना मी मनाशी ठरवलं की आपला गाऊन कागदावर जायला पाहिजे. तो एकदा गेला की दुसऱ्या कुणाला असा शिवताच येणार नाही. आपणच. हाच माझा सगळा हिशेब होता.

सिस्टरांनी मागणी पाठवली. ती दोनदा परत आली, त्यांनी तिसऱ्यांदा पाठवली. मी साहेबांना सगळी मापं टाइप करून दिली. कापडाचं वजन, खांद्याची रुंदी, नाडी नऊ इंच, मुळाशी फुलीची शिवण, टाके इंचाला किती. सहा सॅम्पल दिले, तीन मापांत. साहेबांनी विचारलं त्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी दिलं, आणि विचारलं नाही त्याचंही. कमिटीसमोर सिस्टरांनी माझा गाऊन स्वतः अंगावर चढवून दाखवला, असं मला नंतर कळलं.

आमच्या गाळ्यात एक मालवणी काकी आहेत. माझ्या आईच्या वयाच्या, पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर. त्यांना माझ्या ह्या फेऱ्या पटत नव्हत्या. एकदा मी सॅम्पल पिशवीत भरत होते तेव्हा मशीन थांबवून म्हणाल्या, "अगो, कित्याक इतक्यो येरझाऱ्यो घालतंस? तेंका तुझो गाऊन होयो. तू नको."

मी हसले. म्हटलं, "काकी, बघाल तुम्ही."

टेंडर पोर्टलवर आलं त्या दिवशी रविवार होता. नवऱ्याने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि मोठ्याने वाचायला लागला. प्रसूती कक्षासाठी गाऊन, सुती, दोन्ही खांद्यांवर बांधणी, नाडी नऊ इंच, मुळाशी चौकोनी फुलीची शिवण. माझी मापं होती सगळी. एका ठिकाणी तर माझी टायपिंगची चूकही तशीच आली होती. मी टेबलाभोवती नाचायचीच बाकी होते.

"थांब," नवरा म्हणाला. "पुढे पात्रतेच्या अटी आहेत."

त्यातली चौथी अट अशी होती. मागच्या तीन वर्षांत सरकारी किंवा निमसरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या कपड्यांचा पुरवठा केल्याचा दाखला जोडणे आवश्यक. दाखला नसल्यास निविदा उघडली जाणार नाही.

नवऱ्याने ती दोनदा वाचली. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला, जणू मी वाचल्यावर तिथे वेगळं काही निघणार होतं.

सोमवारी मी साहेबांकडे गेले. ते मला बघताच उठून उभे राहिले. त्यांना माहीत होतं.

"ही अट सगळ्याच टेंडरना असते, मॅडम. तुमच्याविरुद्ध नाही."

"पण दाखला मिळायला आधी माल द्यायला लागतो, आणि माल द्यायला दाखला लागतो. मग नवा माणूस आत येणार कुठून?"

"छोट्या उद्योगांना सवलत देता येते. पण ती मागायची जागा म्हणजे टेंडरआधीची बैठक. ती झाली मागच्या बुधवारी. तुम्ही आलाच नाहीत."

"मला कुणी सांगितलं नाही."

"पोर्टलवर होतं."

मी पोर्टलवर नाव नोंदवलं होतं, डिजिटल सही काढली होती, कागदपत्रं चढवली होती. पण बैठकीची सूचना कुठल्या कोपऱ्यात येते ते मला ठाऊक नव्हतं. साहेबांनी मला तो कोपरा त्यांच्या कॉम्प्युटरवर दाखवला. तिथे ती होती, दोन ओळींत.

टेंडर ज्याला मिळालं त्याचा फोन आला तीन आठवड्यांनी. अंधेरीला ऑफिस, वीसेक वर्षं सरकारी रुग्णालयांना चादरी, उशांचे अभ्रे, पडदे पुरवणारा माणूस. त्याला सगळे शेठ म्हणायचे. मीही म्हणायला लागले. ऑफिसात त्याने मला चहा दिला आणि माझाच गाऊन माझ्यासमोर ठेवला.

"असा शिवणारं माझ्याकडे कोणी नाही. दोन युनिटवाल्यांना दाखवला. एकाने नाडी उलटी लावली. साहेबांना विचारलं तर ते बोलले नाहीत, पण लॉन्ड्रीतल्या काकांनी तुमचं नाव सांगितलं. तुम्ही शिवा, कागदाचं मी बघतो."

"माल कुणाच्या नावाने जाणार?"

"टेंडर कुणाच्या नावाने आहे, बाई?"

मला दोन दिवस हवे होते विचार करायला. ते मी घेतलेही. पण आमच्या सहा मशिनींपैकी तीन त्या महिन्यात कपड्याखाली झाकलेल्या होत्या, आणि काकींसकट सहा बायकांना मी रोज काहीतरी काम असल्यासारखं दाखवत होते. नवरा म्हणाला, "आत शिरायचा हाच रस्ता असेल कदाचित." मलाही तसंच वाटायला हवं होतं, म्हणून तसं वाटलं. मी हो म्हटलं.

शेठचं कापड यायचं, आम्ही कापायचो, शिवायचो, आणि शेवटी गळ्याच्या आतून त्याच्या फर्मचं लेबल लावायचो. लेबलाचं काम मी कुणाला दिलं नाही, स्वतः करायचे. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. पहिलं वर्ष तसं चांगलं गेलं. कापड टेंडरमधलंच होतं, माल उत्तम जात होता. मी वॉर्डात जाणं मात्र बंद केलं. सिस्टरांचा एकदा मेसेज आला, "गाऊन आले. अगदी तुमच्यासारखेच आहेत. पण तुम्ही कुठे आहात?" मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. दुसरं काय पाठवणार होते?

वर्ष संपताना मला एक गोष्ट उमगली आणि ती उमगल्यावर मी गाळ्यात बसून राहिले. आम्ही शिवलेल्या प्रत्येक गाऊनने शेठचा दाखला मोठा केला होता. पुढच्या टेंडरला तो आणखी पक्का आणि मी होते तिथेच, म्हणजे शून्यावर. आम्ही जितकं चांगलं शिवू तितका तो भक्कम आणि आम्ही बाहेर. मी त्याच्याकडे गेले आणि एक साधं पत्र मागितलं, की हे गाऊन आमच्या युनिटमध्ये शिवले गेले.

शेठ चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"बाई, काम दुसऱ्याला द्यायचं नाही अशी टेंडरमध्ये अट आहे. मी असं पत्र दिलं तर मी बाद. आणि ते पत्र तुम्ही कुठे जोडलंत तर तुम्हीही बाद. तुमचं भलं कशात आहे सांगू? तुम्ही नाहीच आहात, यात."

काकींना मी हे घरगुती भाषेत सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"म्हंजे आपण शिवतंव, पण आपण नाय."

"हो, काकी."

"मग ह्या कोण शिवता?" त्या म्हणाल्या आणि मशीन चालू केली.

दुसऱ्या वर्षीही टेंडर त्याचंच होतं, पण कापड बदललं. पहिला तागा उलगडला तेव्हाच हाताला कळलं. उजेडात धरलं तर पलीकडची खिडकी दिसत होती. त्याच्याबरोबर शेठच्या माणसाचा निरोप होता, की नाडी सहा इंचाची करा आणि फुली मारू नका, साधी शिवण पुरे. त्याने वेळ वाचतो. मी फोन केला. म्हटलं, टेंडरमध्ये नऊ इंच लिहिलंय. शेठ म्हणाला, "लिहिलंय ते मला माहितीय. मोजतं कोण?"

आणि मी ते शिवलं. इथे मी स्वतःला वाचवून सांगू शकते, की बायकांचा विचार केला, गाळ्याचा विचार केला. तो केलाच होता. पण पहिल्या दिवशी मी कापणाऱ्या बाईला सहा इंचाची खूण करून दिली तेव्हा मला कुणी धरून ठेवलं नव्हतं. काकींनी माझ्याकडे बघितलं आणि मी दुसरीकडे बघितलं, एवढंच झालं.

चार महिन्यांनी सिस्टरांचा फोन आला. आवाज चढलेला.

"तुम्ही आधी इथे या. तुमच्या गाऊनची कुणीतरी नक्कल करून अगदी वाट लावलीये. मला लेखी तक्रार करायचीय आणि नेमकं काय चुकलंय ते सांगणारं माणूस मला पाहिजे. तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. मेट्रोत मी बसायला जागा असून उभी राहिले.

वॉर्डाच्या टोकाच्या खोलीत सिस्टरांनी एक ढीग काढून ठेवला होता. खांद्यापासून उसवलेल्या नाड्या, बगलेत फाटलेलं कापड. त्यांनी त्यातला एक माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "चला, दाखवते," आणि मला वॉर्डात घेऊन गेल्या. खिडकीजवळच्या खाटेवर एक मुलगी होती, असेल बावीस-तेवीसची. तिच्या दोन्ही खांद्यांवर नाड्यांच्या जागी सेफ्टी पिना होत्या. बाळ मांडीवर. एका हाताने बाळाचं डोकं सावरत ती दुसऱ्या हाताने पिन उघडत होती. उघडल्यावर ती कुठे ठेवावी ते तिला कळेना, बाळाच्या इतक्या जवळ. शेवटी तिने ती ओठात धरली.

मी पुढे होऊन पिन घेतली. ती माझ्याकडे बघून हसली, थोडी लाजून.

खोलीत परत आल्यावर सिस्टरांनी कागद-पेन पुढे ओढलं. "हं, सांगा. एक नंबर, नाडी आखूड. दोन?"

"फुलीची शिवण नाही," मी म्हटलं. "आणि कापड हलकं आहे. वजन करून घ्या, लगेच कळेल."

त्या लिहीत होत्या. "कुठल्या मूर्खाने शिवलेत कोण जाणे."

"सिस्टर, मीच शिवलेत."

त्यांचं पेन थांबलं. वर बघितलं नाही त्यांनी. बाहेर कुणाचं तरी बाळ रडत होतं आणि आया कुणाला तरी चप्पल बाहेर काढायला सांगत होती. मी सगळं सांगितलं, पहिल्या वर्षाचं, लेबलाचं, पत्राचं, सहा इंचांचं. सांगून झाल्यावर मला हलकं वगैरे वाटलं नाही.

"मी कमिटीसमोर तुमचा गाऊन घालून उभी राहिले होते," सिस्टर म्हणाल्या. "आता मी ओरडू कुणावर?"

"माझ्यावर ओरडा."

"तुमच्यावर ओरडून काय होणार? तुम्ही कागदावर कुठेच नाही." त्यांनी तो कागद घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला. "ही तक्रार मी पाठवणार. तुमचं नाव घालणार नाही. पण ह्यापुढे असं शिवून माझ्या वॉर्डात पाठवू नका. एवढं तुमच्या हातात आहे ना?"

होतं. एवढंच होतं.

मी शेठला सांगितलं की टेंडरप्रमाणे कापड आलं तर शिवेन, नाहीतर नाही. तो बरं म्हणाला. दोन दिवसांनी त्याचा टेम्पो आला आणि उरलेले तागे, लेबलांची पुडकी, सगळं घेऊन गेला. काम भांडुपच्या एका युनिटला गेलं. आमच्यातल्या दोघी महिनाभर थांबल्या आणि मग त्याही तिकडेच गेल्या. जाताना त्यातली एक रडली. म्हणाली, "ताई, तिकडे तोच गाऊन शिवायचाय गं, निदान हात बसलेला आहे."

गाळ्यात चार मशिनी चालत होत्या, पुन्हा एप्रन आणि वॉचमनचे शर्ट. तक्रारीचं पुढे काय झालं विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, खुलासा मागवलाय.

त्यांनीच पुढे मला मुलुंडच्या एका छोट्या सरकारी प्रसूतिगृहाचा पत्ता दिला. तिथल्या इन्चार्ज त्यांच्याबरोबर शिकलेल्या होत्या. इतक्या छोट्या खरेदीला टेंडर लागत नाही, तीन ठिकाणचे दर घेतले की पुरतं. साठ गाऊन. मी आयुष्यात साठ कपडे इतक्या काळजीने कधी शिवले नसतील. काकींनी प्रत्येक नाडी ओढून बघितली. माल पोचला, तपासला गेला, एकही परत आला नाही. आता दाखला.

दाखल्यावर वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही लागायची. पहिल्यांदा गेले तर त्या रजेवर. दुसऱ्यांदा, फाइल ऑडिटला. तिसऱ्यांदा, मॅडमची बदली बोरिवलीला झालेली आणि नव्या मॅडम म्हणाल्या, "माल माझ्या काळात आलेला नाही, मी कशी सही करू?" मी बोरिवलीला गेले. जुन्या मॅडम म्हणाल्या, "आता माझा तिथला शिक्का नाही." मी दोघींच्या मधे चार महिने हिंडले. त्या दोघींपैकी एकीनेही कधी वाईट शब्द काढला नाही. दोघींनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. एकदा तर नव्या मॅडमच्या केबिनबाहेर, ज्या बायकांसाठी मी गाऊन शिवले त्यांच्याच रांगेत, पोट धरून बसलेल्या बायकांमध्ये मी दोन तास बसले होते. शेजारच्या बाईने विचारलं, "तुम्हाला कितवा?" मी म्हटलं, "मला सही पाहिजे." ती इतकी हसली की मलाही हसू आलं.

शेवटी तिथल्या स्टोअरकीपरने वाट काढली. माल मिळाल्याची नोंद, तपासणीची नोंद, दोन्हीच्या प्रती लावून त्याने स्वतः टिपणी लिहिली आणि नव्या मॅडमनी सही केली. अर्ध्या पानाचा कागद. साठ गाऊन, समाधानकारक. मी तो पिशवीत न ठेवता हातात धरून घरी आणला.

पुढच्या टेंडरआधीच्या बैठकीला मी हजर होते, पहिल्या रांगेत. छोट्या उद्योगांच्या सवलतीबद्दल विचारलं. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि वरून मंजुरी आणलीही. त्यामुळे किती माल पुरवला ते बघणार नव्हते, दाखला असला की चालणार होतं. मी निविदा भरली. माझं पाकीट उघडलं. पात्र म्हणून माझ्या फर्मचं नाव स्क्रीनवर आलं तेव्हा मी नवऱ्याला ऑफिसात फोन करून वाचून दाखवलं.

मग दर उघडले. शेठ पहिला, मी दुसरी. फरक थोडासा होता. मला ठाऊक होतं की शेठच्या दरात टेंडरमधलं कापड बसत नाही. साहेबांनाही ठाऊक असणार. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी हात पसरले. त्यांना निवृत्तीला सहा महिने उरले होते.

"तुम्ही आत आलात, मॅडम. हे काही थोडं नाही."

"आत येऊन दुसरी आले, साहेब. दुसऱ्याला काय मिळतं?"

"पुढच्या वेळची संधी," ते म्हणाले. थट्टा नव्हती ती, ते मनापासून म्हणाले.

शेठचा फोन त्यानंतर आठवडाभरात आला. मी कटिंग टेबलाशी होते. फोन स्पीकरवर टाकला, काकींना ऐकू जावं म्हणून.

"बाई, भांडुपवाल्याने फार त्रास दिला. ती तक्रार झाली ना, आता म्हणे हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये मोजून घेणार आहेत. नाडीसकट. तुम्ही शिवणार का?"

नाही म्हणायचं असं मी आधीच ठरवलं होतं. कितीतरी वेळा मनात म्हणूनही झालं होतं. पण खिडकीजवळची ती मुलगी डोळ्यासमोर आली, आणि तिच्याआधी, खोटं कशाला बोलू, झाकलेल्या दोन मशिनी समोर दिसल्या. मी नाही म्हटलं तर गाऊन शिवायचे थांबणार नव्हते. कुणीतरी शिवणारच होतं. हा विचार खरा आहे की सोयीचा, ते मला आजही सांगता येत नाही.

"कापड टेंडरमधलं. तागा आल्यावर मी वजन करणार," मी म्हटलं. "नाडी नऊ इंच, फुलीसकट. एक जरी तागा हलका आला तरी मी तो सरळ स्टोअरमध्ये नेऊन ठेवेन."

"बरं, बरं."

"आणि पत्र."

"पत्राचं बोलू नका, बाई. ते होणार नाही, तुम्हाला माहितीय."

माहीत होतं. "पाठवा," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

काकींनी उठून त्या दोन मशिनींवरची कापडं काढली, झटकली, घडी करून खुर्चीवर ठेवली. मग तेलाची बुधली घेतली आणि एकेका मशीनमध्ये थेंब थेंब सोडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास टेम्पो आला. ह्या वेळी तागे जड होते, एकेकाला दोघींनी धरायला लागत होतं. आम्ही पाचजणीच होतो. उतरवून घ्यायला दुपार झाली.